लिव्हरमधली चरबी आणि चढू लागलेली साखर: दोन रिपोर्ट, एकच दुखणं

तीन वर्षं माझ्याकडे दोन वेगळ्या फायली होत्या. एकीत पोटाच्या सोनोग्राफीचा कागद, त्यावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं 'ग्रेड १ फॅटी लिव्हर'. दुसरीत रक्ताचे रिपोर्ट. उपाशीपोटीची साखर आधी १०४, पुढच्या वर्षी १०९, मग ११४. सोनोग्राफीबद्दल ऐकायला मिळालं, 'हे हल्ली बहुतेकांना असतं.' साखरेबद्दल, 'बॉर्डरवर आहे, गोड कमी करा.' दोन्ही कागद एका टेबलावर शेजारीशेजारी ठेवून कुणी वाचले नाहीत. मीही नाही.

मी डॉक्टर नाही. त्यानंतर जे वाचलं, तज्ज्ञांना विचारून पक्कं केलं आणि स्वतःपुरतं अमलात आणलं, ते इथे क्रमाने मांडते आहे. ज्यांच्या हातात असे दोन कागद आहेत, त्यांनी ते आजच एका फायलीत घालावेत.

आधी हे समजून घ्या: रात्री लिव्हर काय करतं

आपण झोपतो तेव्हाही मेंदूला साखर लागतेच. ती पुरवण्याचं काम लिव्हरचं. त्याच्याकडे साधारण १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते, शिवाय गरज पडली तर ते नवी साखर तयारही करतं. किती सोडायची याचा लगाम इन्सुलिनच्या हातात असतो. रक्तात पुरेशी साखर आहे, आता थांब, असा निरोप इन्सुलिन देतं आणि निरोगी लिव्हर तो पाळतं.

लिव्हरच्या पेशींत चरबी साचली की लिव्हर या निरोपाला दाद देईनासं होतं. रात्रभर गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहतं. म्हणूनच रात्री काही गोड खाल्लेलं नसतानाही सकाळची साखर चढलेली दिसते. 'मी तर गोड खातच नाही, मग साखर कशी वाढली?' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर इथे आहे.

पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. साखर थांबवण्याचा निरोप लिव्हर ऐकत नाही, पण चरबी तयार करण्याचा निरोप मात्र ऐकत राहतं. साखर आटोक्यात ठेवण्यासाठी स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे लिव्हरमध्ये आणखी चरबी बनते आणि लिव्हर आणखी बधिर होतं. या चक्रातून बाहेर पडणारी चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात जाते. न्यूकॅसल विद्यापीठाचे रॉय टेलर यांनी २००८मध्ये याला जोडून दुसरं चक्र मांडलं: हीच चरबी स्वादुपिंडातही साचते आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मंदावतात. पहिलं चक्र बरीच वर्षं निमूट फिरत असतं. दुसऱ्याने जोर धरला की बॉर्डरवरची साखर मधुमेहात जाते.

लिव्हरमधली ही चरबी येते कुठून? तेलकट खाण्यातून, असं आपण धरून चालतो. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात ती मोजली गेली, तेव्हा सुमारे ६० टक्के चरबी शरीराच्या स्वतःच्या साठ्यातून रक्तावाटे आलेली होती, सुमारे २५ टक्के लिव्हरने साखर आणि पिष्टापासून स्वतः बनवलेली होती आणि थेट जेवणातल्या चरबीचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास होता. नुसतं तेल कमी करून अनेकांचा रिपोर्ट का हलत नाही, ते यावरून कळतं.

साठ्याबद्दल आणखी एक. त्वचेखाली चरबी ठेवण्याची प्रत्येकाची क्षमता वेगळी असते. ती भरली की उरलेली चरबी लिव्हर, स्वादुपिंड, स्नायू अशा जिथे नको तिथे जाते. काहींची ही क्षमता उपजतच कमी असते, म्हणून दिसायला सडपातळ माणसालाही फॅटी लिव्हर आणि चढती साखर दोन्ही असू शकतात. उलट काहींच्या लिव्हरमध्ये विशिष्ट जनुकामुळे (पीएनपीएलए३, त्याचा संबंध २००८मध्ये समोर आला) चरबी साचते, पण साखर ठीक राहते. म्हणजे प्रत्येक फॅटी लिव्हरमागे साखर असतेच असं नाही. पण फॅटी लिव्हर असलेल्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, आणि टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांच्या लिव्हरमध्ये चरबी सापडते.

हे नातं आता आजाराच्या नावातही आलं आहे. आधी 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणजे दारूशी संबंध नसलेलं फॅटी लिव्हर असं म्हणत. २०२३मध्ये ते नाव बदलून चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेलं नवं नाव ठरलं, त्याचं लघुरूप एमएएसएलडी. लिव्हरमध्ये चरबी आणि सोबत पाच निकषांपैकी किमान एक, अशी त्याची व्याख्या. त्या पाचांत उपाशीपोटी १०० किंवा त्याहून जास्त साखर हा एक आहे.

पायरी १: सगळे आकडे एका कागदावर उतरवा

कोऱ्या कागदावर तारीख लिहून हे आकडे एकाखाली एक मांडा. जुने रिपोर्ट असतील तर तेही. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने चालला आहे हे जास्त बोलकं असतं. माझे १०४, १०९ आणि ११४ सुटेसुटे पाहिले तर किरकोळ वाटतात. ओळीने लिहिल्यावर वाटले नाहीत.

साखरेचे आकडे: उपाशीपोटी (किमान ८ तास काही न खाता) १००च्या आत असावी. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था, १२६ आणि पुढे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना ही खालची रेघ ११०वर ओढते, म्हणून दोन ठिकाणी दोन मतं ऐकली तर गोंधळू नका. एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ५.७ टक्क्यांच्या आत चांगलं, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५पासून मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर १४० ते १९९ आली तर तीही मधुमेहपूर्व अवस्था, २००पासून मधुमेह. त्रासाची लक्षणं नसतील तर मधुमेहाचं निदान एका आकड्यावर करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने ते पक्कं करतात.

एचबीएवनसी फसवूही शकतं. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर ते खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असतील, किंवा लिव्हरचा आजार खूप पुढे गेला असेल, तर कमी दिसतं. तुमचं हिमोग्लोबिन कमी असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

लिव्हरचे आणि सोबतचे आकडे: एएसटी (जुन्या रिपोर्टांत एसजीओटी), एएलटी (एसजीपीटी) ही लिव्हरची एन्झाइम, प्लेटलेट, ट्रायग्लिसराइड, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल), रक्तदाब आणि कमरेचा घेर. घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर पोटात चरबी साचली आहे असं धरा. ट्रायग्लिसराइड १५०च्या वर आणि एचडीएल खाली (पुरुषांत ४०च्या, स्त्रियांत ५०च्या) ही जोडी दिसली तर शरीर इन्सुलिनला दाद देत नसण्याची शक्यता बळावते. उपाशीपोटीचं इन्सुलिन वेगळं मोजायची बहुतेकांना गरज नसते. त्याचे निकाल प्रयोगशाळेगणिक बदलतात आणि उपचार त्यावरून ठरत नाहीत.

एएलटी नॉर्मल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. फॅटी लिव्हर असलेल्या पुष्कळ जणांचं एएलटी नॉर्मलच असतं.

पायरी २: दुसरं कारण तर नाही ना

ही पायरी लहान आहे, पण ओलांडून जाऊ नका. दारू किती आणि कितीदा, हे डॉक्टरांना खरं सांगा. आठवड्याचा हिशोब त्यांना लागतोच. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड यांची एकदा तपासणी करून घ्या. स्टेरॉइड, टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन, मेथोट्रेक्सेट, व्हॅलप्रोएट यांपैकी एखादं औषध चालू असेल तर सांगा. ही औषधं लिव्हरमध्ये चरबी वाढवू शकतात, स्टेरॉइड तर साखरही वाढवतात. मात्र स्वतःच्या मनाने त्यांतलं काहीही बंद करू नका.

पायरी ३: ग्रेड विसरा, व्रण किती ते विचारा

ग्रेड १ म्हणजे थोडं आणि ग्रेड ३ म्हणजे लिव्हर गेलं, असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. सोनोग्राफीतला ग्रेड हा लिव्हर किती पांढुरकं दिसतं याचा, म्हणजे चरबीचा ढोबळ अंदाज असतो. लिव्हरमधली चरबी साधारण २० टक्क्यांच्या खाली असेल तर साध्या सोनोग्राफीतून ती निसटूही शकते. पुढचं आयुष्य ज्यावर अवलंबून असतं तो फायब्रोसिस, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होणारे व्रणाचे तंतू, ग्रेडमधून कळतच नाहीत. ग्रेड १ असलेल्या माणसाला पुढे गेलेला फायब्रोसिस असू शकतो आणि ग्रेड ३वाल्याला अजिबात नसू शकतो.

पहिली चाळणी जवळजवळ फुकट होते, कारण लागणारे आकडे तुमच्याकडे आधीच असतात. तिला फिब-४ म्हणतात. वय गुणिले एएसटी हा वरचा आकडा. प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ हा खालचा. वरच्याला खालच्याने भागायचं.

समजा वय ४६, एएसटी ३८, एएलटी ५२ आणि प्लेटलेट २ लाख ४० हजार. वरचा आकडा ४६ × ३८ म्हणजे १७४८. ५२चं वर्गमूळ ७.२१, त्याला २४०ने गुणलं की सुमारे १७३१. उत्तर १.०१. आता याच माणसाच्या प्लेटलेट १ लाख ५० हजार असत्या तर उत्तर १.६२ आलं असतं आणि पुढचा रस्ता बदलला असता.

१.३च्या आत असेल तर पुढे गेलेला फायब्रोसिस असण्याची शक्यता कमी. २.६७च्या वर असेल तर लिव्हरच्या तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मधल्यांनी फायब्रोस्कॅनसारखी, लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी करून घ्यावी. तिथे ८ किलोपास्कलच्या आत आलं तर सहसा काळजीचं कारण नसतं. वय ६५च्या पुढे असेल तर फिब-४ची खालची रेघ २ धरतात, आणि ३५च्या आतल्यांत हे गणित फारसं भरवशाचं नाही.

मधुमेहपूर्व अवस्था असलेल्या प्रौढांनीही, विशेषतः वजन जास्त असेल तर, एन्झाइम नॉर्मल असले तरी ही चाचपणी करावी, अशी अमेरिकन डायबेटीस असोसिएशनची शिफारस आहे. तरीही ती अनेकदा राहून जाते. पुढच्या भेटीत 'माझा फिब-४ किती येतो?' एवढं एक वाक्य विचारा.

पायरी ४: वजनाचं लक्ष्य टक्क्यांत ठरवा

'वजन कमी करा' या सल्ल्यात आकडा नसतो, म्हणून तो हवेत विरतो. आकडे असे आहेत: ३ ते ५ टक्के वजन उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्क्यांवर लिव्हरची सूज उतरण्याची शक्यता चांगली वाढते. १० टक्क्यांच्या पुढे फायब्रोसिसही मागे हटू शकतो. ८० किलोच्या माणसासाठी पहिला टप्पा म्हणजे अडीच ते चार किलो, एवढंच. सडपातळ माणसांतही ३ ते ५ टक्क्यांनी फरक पडतो.

साखरेच्या बाजूनेही आकडा जवळपास तोच निघतो, आणि दोन्ही आजारांचं मूळ एक असल्याचा मला यात पुरावा दिसतो. अमेरिकेतल्या डायबेटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅममध्ये ३,२३४ जण होते, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. एका गटाला ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल एवढं लक्ष्य दिलं होतं. २००२मध्ये निकाल आला: त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटलं.

लिव्हर किती लवकर प्रतिसाद देतं, हे टेलर यांच्या गटाने २०११मध्ये दाखवलं. टाइप २ मधुमेह असलेल्या ११ जणांना त्यांनी दिवसाला सुमारे ६०० कॅलरींच्या आहारावर ठेवलं. एका आठवड्यात त्यांच्या लिव्हरमधली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली. स्वादुपिंड सावरायला आठ आठवडे लागले. आधी लिव्हर, मग स्वादुपिंड, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पण तो आहार स्वतःच्या जबाबदारीवर करू नका. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेला प्रयोग होता. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका असतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही चाल पुरेशी आहे.

पायरी ५: ताटातून आणि पेल्यातून काय काढायचं

सुरुवात पेल्यापासून करा. साखर घातलेली शीतपेयं, पाकिटातले रस, गोड केलेली दुधाची पेयं आधी जाऊ देत. साखरेचा अर्धा भाग फ्रुक्टोज असतो. ग्लुकोज सगळ्या शरीरात वापरलं जातं, फ्रुक्टोजचा मोठा भाग मात्र लिव्हरच्याच वाट्याला येतो. ते पेयातून एकदम आलं की लिव्हर त्याची चरबी करायला लागतं. घरी काढलेला ताजा फळांचा रसही याच रांगेत बसतो, कारण चोथा गेला की उरतं ते साखरेचं पाणी. अख्खं फळ चावून खाण्याला मात्र हरकत नाही. फॅटी लिव्हर ऐकून घाबरून फळंच सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याची गरज नव्हती.

मग पिष्ट. मैदा आणि पांढरं, पॉलिश केलेलं धान्य कमी करून अख्खं धान्य आणा, पण प्रमाणही बघा. धान्य अख्खं असलं म्हणून कितीही चालतं असं नाही. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरा, पाव भाग प्रथिनांचा: डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, पनीर, जे चालत असेल ते. धान्याला उरलेला पाव. भाजी आणि प्रथिनं आधी खाऊन धान्य शेवटी घेतलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. हा बदल मला सगळ्यांत सोपा गेला, कारण त्यात काहीच सोडायचं नव्हतं.

चरबीला घाबरू नका, प्रकार बदला. तूप, लोणी, वनस्पती तूप यांतल्या संपृक्त चरबीने लिव्हरमधली चरबी वनस्पती तेलांपेक्षा जास्त वाढते. सुकामेवा मूठभर, तोही साखर न लावलेला. साखरेविना कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचा फायब्रोसिस कमी आढळतो. आवडत असेल तर प्या, आवडत नसेल तर औषध म्हणून सुरू करायला नको.

दारू थांबवता आली तर उत्तम. फायब्रोसिस असेल तर ती पूर्ण बंदच हवी, तिथे 'थोडीशी' चालत नाही.

'लिव्हर साफ करणाऱ्या' पुड्या, काढे आणि कॅप्सूल यांच्यापासून दूर राहा. लिव्हरला साफ करावं लागत नाही. शिवाय वनस्पतिजन्य पूरकांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टीचा तीव्र अर्क असलेल्या गोळ्या त्यांतलं ठळक उदाहरण.

पायरी ६: स्नायूंना कामाला लावा

स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. लिव्हर निरोप ऐकत नसताना हा दुसरा दरवाजा उघडा असतो. वजन काटाभरही हललं नाही तरी नियमित व्यायामाने लिव्हरमधली चरबी कमी होते. काट्यावरचा आकडा अडला की निराश होणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने चाला. त्यात दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम घाला: खुर्चीतून उठबस, भिंतीवर हात टेकून दंड, वजन उचलणं. गुडघे दुखत असतील तर हेच आधी. जेवणानंतरची १०-१५ मिनिटं चाल वेगळी मोजा, तिचा उपयोग त्याच जेवणाच्या साखरेवर होतो.

झोपेत मोठ्याने घोरत असाल, श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील किंवा दिवसभर पेंग येत असेल, तर स्लीप ॲप्नियाची (झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची) तपासणी करून घ्या. तो साखर आणि लिव्हर दोन्ही बिघडवतो.

पायरी ७: औषधांबद्दल कुठलं बोलणं करायचं

मेटफॉर्मिन मधुमेह लांबवतं, पण लिव्हरमधला बिघाड दुरुस्त करत नाही. सूज आणि फायब्रोसिस असलेल्या निवडक रुग्णांसाठी अमेरिकेत मार्च २०२४मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना मान्यता मिळाली. नुसती चरबी आहे आणि फायब्रोसिस नाही, अशांसाठी ती मान्यता नाही. म्हणूनच तिसरी पायरी आधी.

एक भीती मात्र मुद्दाम दूर करायला हवी. 'लिव्हर खराब आहे' म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी अनेक जण स्वतःच बंद करतात. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित मानतात, आणि फॅटी लिव्हर असलेल्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण लिव्हर नसून हृदयविकार आहे. ती गोळी नेमकी त्याच्यासाठी असते.

पायरी ८: पुन्हा कधी तपासायचं

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, त्यामुळे एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून उपयोग नाही. पहिले तीन महिने फक्त कमरेचा घेर आणि वजन आठवड्यातून एकदा लिहा. तीन महिन्यांनी साखर, एचबीएवनसी, ट्रायग्लिसराइड, एएलटी. माझ्या बाबतीत आधी ट्रायग्लिसराइड उतरलं, मग एएलटी, आणि उपाशीपोटीची साखर १००च्या आत यायला सात महिने लागले. सगळं ठीक झाल्यावरही साखर दरवर्षी आणि फिब-४ दर एक-दोन वर्षांनी बघायचा.

डोळे पिवळे होणं, पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, काळी शौच, गोंधळल्यासारखं वागणं यांतलं काहीही दिसलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालयात जा. खूप तहान, वारंवार लघवी आणि कारणाशिवाय वजन उतरणं हे साखर एकदम चढल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हाही दोनतीन दिवस काढू नका.

भेटीला जाताना पहिल्या पायरीचा तो कागद न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवून तीन गोष्टी विचारा: माझा फिब-४ किती, मला ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी हवी का, आणि हृदयासाठी मी आत्ताच काही सुरू करायला हवं का.